विनिमयाचा पाहुणा आणि वरकड पट्टी

सुट्टीचे आठवडे वर्षानुवर्षांसाठी आगाऊ विकत घेऊन ठेवण्याची जी पद्धत ‘टाइमशेअर’ या नावाने आपल्या मध्यमवर्गात रुजली, तिचा उगम 1960 नंतरच्या दशकात युरोपात, आल्प्स पर्वतातील हिमविहारांच्या आसपास झाला. आणि एकाच गावी, एकाच ऋतूत, जन्मभर जात राहण्याचा जो कंटाळा तिच्या पोटातच होता, त्यावर उतारा म्हणून 1974 मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे ‘आरसीआय’ ही विनिमयसंस्था निघाली. तिची रीत अशी, की सभासदाने आपल्या वाट्याचा आठवडा संस्थेच्या खात्यात जमा करावा, संस्थेने ऋतुमान, स्थळ आणि खोलीचे आकारमान पाहून त्याचा तोल ठरवावा, आणि त्याच तोलाचा, दुसऱ्या कोणीतरी जमा केलेला, दुसऱ्या गावचा आठवडा त्याच्या पदरात घालावा. आपल्याकडे 1986 मध्ये स्टर्लिंग आणि 1996 मध्ये महिंद्र हॉलिडेज या कंपन्या निघाल्या. त्यांपैकी दुसरीच्या ‘क्लब महिंद्रा’ची पंचवीस वर्षांची सभासदत्वे, जांभळ्या, तांबड्या, पांढऱ्या आणि निळ्या ऋतूंच्या कोष्टकांसह, मुंबई-पुण्यापुरती न राहता नागपूरमार्गे वैनगंगेच्या काठापर्यंत येऊन पोहोचली.

या विनिमयाने आलेल्या पाहुण्याकडून काही विश्रामस्थाने जी एक वरकड पट्टी वसूल करतात, तिच्यावरून साकोलीला दोन वडीलधाऱ्या गृहस्थांमध्ये झालेला वाद मी समक्ष ऐकला. त्यांपैकी एक जिल्हा न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालेले, दस्तऐवजावाचून काही न बोलणारे. दुसरे त्यांचे मेहुणे, नागझिऱ्याच्या पिटेझरी फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाहुण्यांसाठी सहा खोल्यांचे निवासस्थान चालवणारे. नाझरसाहेबांनी निवृत्तीच्या रकमेतून असे एक सभासदत्व घेतले होते, आणि आपल्या हक्काचा थंड हवेच्या ठिकाणचा आठवडा जमा करून त्याच्या बदल्यात ते सहकुटुंब गोव्याला जाऊन आले होते. नातवाला वाटेतच ताप भरला, त्यामुळे खोलीबाहेर फारसे कोणी पडले नाही. परंतु येताना त्यांनी जो कागद आणला तो त्यांनी न्यायालयीन शिरस्त्याप्रमाणे फायलीला लावून ठेवला होता. मी तो पाहिला. वर ‘विनिमय-अतिथी सुविधा शुल्क’ असा मथळा, खाली दर दिवसाचा दर, त्याला सातने गुणून आलेली रक्कम, त्याखाली कर, आणि अगदी तळाशी, चष्मा पुसून वाचावी लागावी अशा अक्षरांत एक ओळ : हे शुल्क आमच्या सभासदांस लागू नाही. सोबत मनगटाला बांधायच्या निळ्या कागदी पट्ट्या टाचलेल्या. पोहण्याच्या तलावावर दाखवण्यासाठी दिलेल्या आणि एकदाही पाण्यात न भिजलेल्या.

“माझी तक्रार रकमेची नाही,” नाझरसाहेबांनी आरंभ केला, आणि ज्यांची तक्रार खरोखरच रकमेची नसते असे जे थोडे लोक मला माहीत आहेत त्यांत मी त्यांची गणना करतो. “माझा प्रश्न असा, की ज्या खोलीत आम्ही राहिलो तिच्या वर्षातल्या प्रत्येक आठवड्याला कोणी ना कोणी धनी आहे, आणि तो धनी त्या आठवड्याच्या देखभालीची वार्षिक वर्गणी भरतो. तो स्वतः आला नाही, त्याने आपला आठवडा जमा केला, म्हणून त्याची वर्गणी माफ झाली काय? नाही झाली. म्हणजे त्या सात दिवसांची झाडलोट, दिवाबत्ती, माळ्याचा पगार, तलावातल्या पाण्याची स्वच्छता, या सर्वांचे पैसे मी पायरी चढण्यापूर्वीच त्यांच्या तिजोरीत पडले होते. मी माझ्या घरच्या ठिकाणची वर्गणी भरली, त्याने त्याच्या. दोघांच्या आठवड्यांची अदलाबदल झाली. आता तिसऱ्यांदा पैसे कोणत्या बाबीखाली घेतले?”

“भाऊजी, तुम्ही हिशेब कागदावरचा करता,” मेहुणे म्हणाले. “खोली चालवणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. धनी आपल्या घरी आल्यासारखा येतो. दोन दिवस राहतो, तिसऱ्या दिवशी नातेवाइकाकडे जातो, जाताना दिवे घालवतो. विनिमयाचा पाहुणा हजार कोसांवरून आलेला असतो, तो सातही रात्री पुरेपूर वसूल करतो. वैशाखात गोव्याच्या उकाड्यात वातानुकूलनाचे यंत्र रात्रंदिवस चालते, आणि विजेचे बिल वर्गणीचा अंदाज बांधणाऱ्या समितीच्या मर्जीने येत नाही. हा जादा खर्च वर्गणीत घातला, तर जी विधवा बाई वर्षातून एकदा मुलाबाळांसह येते आणि कधीच विनिमय करत नाही, तिच्याही डोक्यावर तो बसेल. ज्याने वापरले त्याने द्यावे, यात मला तरी अन्याय दिसत नाही.”

“वापरले त्याने द्यावे, हे मला मान्य आहे, मेहुणेबुवा. मग मीटर बसवा! खोलीत विजेचे मीटर असू द्या, आणि जो राहील त्याच्याकडून, मग तो धनी असो, भाडेकरू असो की माझ्यासारखा विनिमयाचा असो, जळेल तितक्या युनिटांचे पैसे घ्या. माझा नातू तापाने फणफणला होता. आम्ही यंत्र बंद ठेवून खिडक्या उघडल्या होत्या. तरी दर तोच. आणि तळाची ती ओळ पाहा : सभासदांस लागू नाही. सभासदाच्या खोलीत वीज फुकट जळते काय? ही वापराची किंमत असती तर माणूस पाहून बदलली नसती. ही माणसाच्या दर्जावर बसवलेली पट्टी आहे.”

येथे मेहुण्यांनी आपला दुसरा मुद्दा काढला, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार होता असे मला वाटले. ते म्हणाले, की विनिमयाच्या बाजारात सर्व आठवडे सारखे नसतात. कोणी स्वस्त ठिकाणची, लहान खोलीची, पावसाळी दिवसांची अल्प वर्गणी भरतो आणि विनिमयाच्या आधारे समुद्रकाठच्या भारी वास्तूत जाऊन बसतो. ज्या धन्याने त्या भारी वास्तूसाठी दुप्पट-तिप्पट वर्गणी भरली, त्याच्या पंक्तीला हा कमी पैशांत बसला. ही तफावत थोडीफार भरून निघावी म्हणून तेथील धन्यांच्या समितीने पाहुण्यावर काही आकार बसवला, तर तिला दोष का द्यावा? “आणि विनिमयसंस्थेला विसरू नका,” ते पुढे म्हणाले. “ती तुमच्याकडून सभासदत्वाची वर्गणी घेते, प्रत्येक अदलाबदलीची फी वेगळी घेते. ती फी तिचीच. पाहुणा सांभाळायचा गोव्याच्या माणसाने, चादरी धुवायच्या त्याने, तक्रारी ऐकायच्या त्याने. दलालीचा पैसा मात्र परस्पर दुसरीकडे. त्याने आपला हात राखला तर तुम्हाला राग येतो.”

नाझरसाहेब या मुद्द्यावर काही काळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दलालीविषयी तुम्ही म्हणता ते खरे आहे, पण ते भांडण गोव्याच्या माणसाने विनिमयसंस्थेशी करावे. तिचा करार त्याच्याशी आहे; ती त्याच्याकडे पाहुणा पाठवते तो त्याच्या संमतीनेच. दोन कुळांमधल्या भांडणाची वसुली तिसऱ्याकडून करण्याची सोय आमच्या न्यायालयात तरी नव्हती. आणि तफावतीचे म्हणाल, तर ती आधीच मोजलेली असते. आठवडा जमा करतानाच ही संस्था त्याचा तोल ठरवते. हलका आठवडा देणाऱ्याला भारी आठवडा सहसा लाभत नाही, लाभलाच तर कोणी घेणारे नव्हते म्हणून लाभतो. तराजूत एकदा तोलल्यावर पुन्हा दारात अंगठ्याने पारडे दाबायचे?”

मग ते वळले आपल्या आवडत्या विषयाकडे, म्हणजे मालगुजारीकडे, आणि मला वाटले की आता विषय सुटणार. पण तो सुटला नाही. भंडारा जिल्हा 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, आणि तेथील मालगुजारी 1951 मध्ये संपुष्टात आली, हे ठाऊक असलेली पिढीही आता विरळ होत चालली आहे. त्या व्यवस्थेत मालगुजाराने बांधलेल्या तलावाच्या पाण्यावर गावाचे धानाचे बांध पिकत, आणि कोणाला काय हक्क, कोणाकडून काय घ्यायचे, जंगलातून कोणते लाकूड, तलावातून कोणती पाणीपाळी, हे ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात बंदोबस्ताच्या वेळी लिहून ठेवलेले असे. “मालगुजार काही धर्मात्मे नव्हते,” नाझरसाहेब म्हणाले, “वेठबिगार होती, नजराणे होते, पण कुळाला निदान तो कागद दाखवून विचारता येत असे, की हे कुठे लिहिले आहे? आता समजा, माझी पाणीपाळी मी शेजाऱ्याला दिली आणि त्याने दुसऱ्या तलावावरची आपली पाळी मला दिली. त्या तलावाच्या पाटकऱ्याने बांधावर उभे राहून मला म्हणावे, की तू या गावचा नाहीस, तेव्हा तुझ्या बांधात पाणी सोडायचे तर वेगळे पैसे टाक; आणि तेही केव्हा, तर माझी स्वतःची पाळी शेजाऱ्याच्या धानात जिरून गेल्यावर!”

“तेव्हा पैसे टाकावेच लागतील,” मेहुणे शांतपणे म्हणाले, “कारण परत जाण्यासारखे काही उरलेले नाही.”

हे वाक्य त्यांनी प्रतिपक्षाच्या बाजूने उच्चारले आहे हे त्यांच्या लक्षात आले की नाही, मला सांगता येत नाही; परंतु साऱ्या वादाचे मर्म माझ्या मते तेथे होते. विनिमयाच्या पाहुण्याची स्थिती रोखीने खोली घेणाऱ्या प्रवाशाहून अगदी निराळी असते. प्रवाशाला काउंटरवर अनपेक्षित आकार सांगितला, तर तो पिशवी उचलून रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या निवासात जाऊ शकतो, आणि ही शक्यता मालकाला ठाऊक असल्यामुळे तो सहसा तसे करत नाही. विनिमयाच्या पाहुण्याचा मोबदला मात्र पूर्वीच देऊन झालेला असतो. त्याचा आठवडा कोणा अनोळखी कुटुंबाच्या हाती गेलेला, गाडीची तिकिटे काढलेली, मुले पेंगुळलेली, आणि दारातला कारकून विनम्रपणे पावती पुढे सरकवत असतो. शिवाय त्या वास्तूच्या समितीत त्याला मत नाही. सभासदांच्या सभेत जो ठराव करून हा आकार लावला गेला, त्या सभेला त्याला कधी निमंत्रण नव्हते. ज्याला मत नाही आणि ज्याला परत फिरता येत नाही अशावर कर बसवणे जगात सर्वांत सोपे असते.

परगावच्या माणसावर पट्टी बसवण्याची कल्पना काही नवी नाही, हे मेहुण्यांनीच मान्य केले आणि त्याचा आधार आपल्या बाजूला घेतला. यात्रेच्या गावी सांडपाणी, रोगराई, दिवाबत्ती यांचा बोजा स्थानिक नगरपालिकेवर पडतो, म्हणून यात्रेकरूवर कर बसवण्याची वहिवाट जुनी आहे. “मग गोव्याने बसवला तर काय बिघडले?” असा त्यांचा सवाल. त्यावर नाझरसाहेबांनी जे उत्तर दिले ते निवृत्त नाझरालाच सुचावे. यात्रेच्या स्थळी रेल्वेने जाणाऱ्या-येणाऱ्या उतारूंवर बसवायच्या सीमाकरासाठी 1956 मध्ये संसदेने कायदा केला. पण तो कर रेल्वेच्या भाड्याबरोबर, तिकिटातच वसूल होत असे. उतारूने खिडकीशी पैसे मोजले तेव्हाच त्याला एकूण रक्कम कळली. जायचे की नाही, हे तो तिकिटाच्या खिडकीशी ठरवू शकत होता, फलाटावर उतरल्यावर नव्हे. “कर घ्या,” ते म्हणाले, “पण तिकिटात घ्या.”

“तुमच्या पिटेझरीच्या फाटकावरही पाहा,” त्यांनी मेहुण्यांना त्यांच्याच अंगणात ओढले. “वाहनाचे प्रवेशशुल्क, मार्गदर्शकाचे, जिप्सीचे भाडे, बाबी एक नाही, अनेक. पण तुमच्याकडे खोली मागणाऱ्याला तुम्ही काय सांगता?”

“फोनवरच सांगतो,” मेहुणे म्हणाले. “खोली इतकी, जेवण इतके, जंगलाचे शुल्क वनखात्याचे, ते वेगळे आणि आगाऊ. नाहीतर पहाटे पाच वाजता, थंडीत, फाटकाशी माझ्याशी भांडायला उभे राहतात.” आणि मग थोड्या त्राग्याने : “पण भाऊजी, खरे सांगण्याचा दंड मीच भरतो. मी सगळे मिळून आकडा सांगतो, तो मोठा दिसतो. पलीकडचा मोबाइलवर लहान आकडा दाखवतो, आणि स्वच्छतेचे, शेकोटीचे, जादा गादीचे मागून लावतो. गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते. मी एकटा प्रामाणिक राहून धंदा चालत नाही.”

व्यापाऱ्याच्या तोंडून आलेली ही कबुली मला नाझरसाहेबांच्या सर्व दाखल्यांपेक्षा अधिक उद्बोधक वाटली. किंमत तुकड्या-तुकड्याने उघड करण्याची लबाडी एखाद्याच्या दुष्ट स्वभावातूनच येते असे नाही. जेथे पहिला दिसणारा आकडाच गिऱ्हाईक ओढतो, तेथे सरळ माणसालाही ती शिकावी लागते, आणि म्हणून हा प्रश्न एकेकट्याच्या सदसद्विवेकावर सोडून भागत नाही. अमेरिकेत हॉटेलांच्या ‘रिसॉर्ट फी’ने असा उच्छाद मांडला होता, की तेथील संघीय व्यापार आयोगाला डिसेंबर 2024 मध्ये त्याविरुद्ध नियम करावा लागला, 12 मे 2025 पासून तो अंमलात आहे. त्या नियमाने फी बंद केलेली नाही, हे मेहुण्यांच्या पक्षाने लक्षात घ्यावे. निवासाची जी किंमत जाहीर कराल तिच्यात सक्तीचा प्रत्येक आकार मिळवूनच ती जाहीर करा, एवढेच तो सांगतो. युरोपीय संघाचा 2008 चा टाइमशेअरविषयक निर्देश तर नेमका आपल्या वादाच्या विषयाला हात घालतो : विनिमयाचा प्रत्येक प्रस्ताव पक्का होण्यापूर्वी, त्या विनिमयापोटी सभासदाला जे काही जादा द्यावे लागणार असेल त्याचा तपशील त्याला दिला पाहिजे, असे बंधन त्यात आहे. भारतात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. ग्राहकांना फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध 30 नोव्हेंबर 2023 रोजी जी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांत वर्णिलेल्या तेरा प्रकारांपैकी एक हा ठिबकत्या किमतीचा आहे. आणि हॉटेलांनी बिलात आपोआप सेवाशुल्क मिळवू नये, ही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022 मधील तत्त्वे दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी उचलून धरली. विनिमयाच्या पाहुण्याला यातून आडून आधार मिळतो. समोरून मात्र अद्याप नाही.

“मग तुम्ही दावा का लावत नाही?” मेहुण्यांनी शेवटी विचारले.

“आधी लेखी विचारले आहे,” नाझरसाहेब म्हणाले, “की आठवडा जमा करण्यापूर्वी हे शुल्क मला कोठे कळवले होते ते दाखवा. दाखवले तर मी गप्प बसेन. माझी सही असेल तर ती मी नाकारणार नाही.” मेहुणे हसले, कारण त्या करारनाम्याच्या कोठल्या तरी पानावर ‘तेथील विश्रामस्थान वेळोवेळी ठरवील ते आकार’ अशा अर्थाचे कलम असेलच, असा त्यांचा कयास होता. मलाही तो खरा वाटतो. परंतु वेळोवेळी ठरवील ते, ही सूचना म्हणजे किंमत सांगणे नव्हे. कोरा धनादेश मागणे आहे, आणि करारात ते कलम असल्याने पट्टी न्याय्य ठरते हे मला मान्य नाही.

माझा कौल सांगायचा तर तो असा. वास्तूच्या धन्यांनी विनिमयाच्या पाहुण्याकडून प्रत्यक्ष वापराची किंमत, सर्वांना लागू असलेल्या दराने, मीटर पाहून घ्यावी. तिच्यात मेहुण्यांचा पक्ष योग्य आहे. स्थानिक शासनाचा कर असेल तर तोही पाहुण्यानेच द्यावा. परंतु ज्या आठवड्याची देखभाल त्याच्या धन्याने एकदा भरली आहे, त्याच आठवड्यावर, केवळ बसणारा बदलला म्हणून, पुन्हा देखभालीच्या नावाने वसुली करणे ही दुबार वसुली होय. आणि जी काही रक्कम घ्यायची ती आठवडा जमा होण्यापूर्वी आकड्यांत सांगितली गेली नसेल, तर विनिमयसंस्थेनेच ती सोसावी, कारण अदलाबदल जुळवण्याचे पैसे तिने घेतले आहेत आणि दोन्ही बाजूंचे कागद एकट्या तिच्यापाशीच असतात.

तोपर्यंत सभासदांनी एवढे करावे. आठवडा जमा करण्यापूर्वी, तेथे पोहोचल्यावर कोणकोणते सक्तीचे आकार आहेत आणि रोजचा आकडा काय, हे पत्राने किंवा ई-मेलने विचारावे, आणि आलेले उत्तर, किंवा उत्तर न आल्याची तारीख, जपून ठेवावी. काउंटरवर पैसे द्यावेच लागले तर पावतीवर ‘हरकत राखून’ असे लिहून द्यावेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहकाला जेथे तो राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाता येते. म्हणजे वास्तू गोव्यात आणि कंपनी चेन्नईत किंवा मुंबईत असली, तरी साकोलीच्या माणसाला भंडाऱ्यातच तक्रार दाखल करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर तिला फी पडत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.